पुस्तक छापून झाल्यावर : होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमाचं एक वर्ष

शालेय अभ्यासक्रमाला मदत करणारी एखादी स्वयंसेवी संस्था वर्षभर नेमकं काय करते, हा आजचा विषय आहे. हा प्रश्न कुणालाही विचारला तर साधारणपणे दोन उत्तरं मिळतात. एक, संस्था पुस्तकं लिहिते. दुसरं, संस्था शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण अपुरी आहेत. पुस्तक एकदा लिहून होतं, प्रशिक्षण काही दिवसांत संपतं. वर्षाचे उरलेले दहा महिने काय? माझं म्हणणं असं आहे की अभ्यासक्रम टिकतो की नाही, हे त्या दहा महिन्यांत ठरतं. पुस्तक हा त्यातला सर्वांत दिसणारा भाग आहे, आणि एका अर्थाने सर्वांत सोपाही.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मध्य प्रदेशातला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ मध्ये सुरू झाला, २००२ मध्ये बंद झाला. पूर्ण तीस वर्षं. आपल्यापैकी जे भोपाळ-इटारसी मार्गे गेले असतील, त्यांनी नर्मदेच्या काठावरचं होशंगाबाद स्टेशन पाहिलं असेल. आता त्या गावाचं नाव नर्मदापुरम झालं आहे. पचमढीला जाणारे ज्या पिपरियाला उतरतात, तेही याच जिल्ह्यातलं. तर या जिल्ह्यातल्या सरकारी शाळांमध्ये सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांमधून शिकवलं जात होतं. शहरातल्या निवडक शाळांत नव्हे, खेड्यांतल्या साध्या शाळांत. तिकडे या वर्गांना माध्यमिक म्हणतात, आपल्याकडे उच्च प्राथमिक. मी आपलेच शब्द वापरतो.

सुरुवात कशी झाली

सुरुवात दोन संस्थांनी केली. एक होती किशोर भारती. अनिल सद्गोपाल हे जीवशास्त्रज्ञ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून होशंगाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले आणि तिथे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ही संस्था उभी केली. दुसरी होती रसूलियाची फ्रेंड्स रूरल सेंटर, क्वेकर पंथाच्या लोकांनी सुरू केलेली जुनी संस्था. या दोघांनी मिळून मध्य प्रदेश सरकारकडे परवानगी मागितली, आणि १९७२ मध्ये सोळा सरकारी शाळांसाठी ती मिळाली.

ही परवानगी कसली होती, ते नीट लक्षात घ्या. पुस्तक बदलायची, शिकवण्याची पद्धत बदलायची, आणि परीक्षासुद्धा बदलायची. आपल्याकडे संस्थांना शाळेत काम करायला परवानगी सहज मिळते, पण ती बहुधा 'पूरक' कामाची असते. म्हणजे शनिवारी दुपारी या, खेळ घ्या, गोष्टी सांगा, पण आमच्या पुस्तकाला आणि परीक्षेला हात लावू नका. होशंगाबादमध्ये हात लावू दिला, आणि तोही सरकारी शाळेत.

या कामाचं मुंबईशी जुनं नातं आहे. टाटा संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सुरुवातीपासून यात होते, प्रा. यशपाल त्यांच्यापैकी एक. तिथल्याच प्रा. वि. गो. कुलकर्णींनी त्याच सुमारास मुंबई महापालिकेच्या शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचं काम हाती घेतलं होतं. पुढे १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झालं आणि त्याचं नेतृत्व त्यांनी केलं. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापकही मोठ्या संख्येने होशंगाबादला जाऊ लागले.

१९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या उच्च प्राथमिक शाळांत गेला. सोळावरून एकदम दोनशेच्या वर. आणि १९८२ मध्ये हे काम सांभाळण्यासाठी, तसंच इतर विषयांत आणि इतर जिल्ह्यांत नेण्यासाठी, एकलव्य ही संस्था स्थापन झाली. आपण जे वर्ष पाहणार आहोत ते साधारण एकलव्यच्या काळातलं आहे. एखादं ठरावीक साल मी धरत नाही. दरवर्षी जे चक्र फिरायचं, ते सांगतो.

मे आणि जून : शिक्षक विद्यार्थी होतात

वर्ष सुरू व्हायचं उन्हाळ्याच्या सुट्टीत. शिक्षकांचं प्रशिक्षण साधारण तीन आठवड्यांचं असायचं, आणि एकदा नव्हे, तीन उन्हाळे. पहिल्या वर्षी सहावीचं, दुसऱ्या वर्षी सातवीचं, तिसऱ्या वर्षी आठवीचं. आज दोन दिवसांच्या, फार तर पाच दिवसांच्या प्रशिक्षणांची आपल्याला सवय झाली आहे. म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

तीन आठवडे कशाला लागायचे? कारण या प्रशिक्षणात व्याख्यानं जवळजवळ नसायची. शिक्षक चार-चार जणांच्या टोळीत बसायचे आणि पुस्तकातला प्रत्येक प्रयोग स्वतः करायचे. निरीक्षणं वहीत लिहायची, तक्ते भरायचे, निष्कर्षावर वाद घालायचा. वर्गात मुलांनी जे करायचं, तेच आधी गुरुजींनी करायचं. यातले अनेकजण पाच-दहा वर्षं विज्ञान शिकवत होते आणि परीक्षानळी हातात धरायची त्यांची पहिलीच वेळ होती. यात त्यांचा दोष नाही. त्यांनाही विज्ञान फळ्यावरूनच शिकवलं गेलं होतं.

शिकवायला कोण असायचं? विद्यापीठांतले प्राध्यापक, संशोधक, आणि हळूहळू याच कार्यक्रमातून तयार झालेले शाळेतले शिक्षक. त्यांना 'स्रोत शिक्षक' म्हणत. म्हणजे एका टेबलावर दिल्लीचा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आणि सोहागपूरकडचा शाळामास्तर बरोबरीने बसायचे. प्राध्यापकाला विषय जास्त माहीत, मास्तरला चाळीस मुलांचा वर्ग जास्त माहीत. पुस्तकातला एखादा प्रयोग वर्गात चालत नसेल, तर ते मास्तरच सांगणार.

जुलै आणि ऑगस्ट : पुस्तक आणि किट

जुलैत शाळा उघडायच्या. पुस्तकाचं नाव 'बाल वैज्ञानिक', प्रत्येक इयत्तेचं वेगळं. मध्य प्रदेशचं पाठ्यपुस्तक महामंडळ ते छापायचं. म्हणजे ते सरकारी पुस्तकच होतं. पण उघडून पाहिलं तर वेगळं. त्यात उत्तरं जवळजवळ नाहीत. प्रयोग कसा करायचा याच्या सूचना आहेत, मग प्रश्न आहेत, रिकामे तक्ते आहेत. मुलाने प्रयोग केला तरच पुस्तक पुरं होतं. बाजारातून गाइड आणून ते पाठ करता येत नाही.

एक धडा सांगतो. पानं आणि मुळं यांचा. मुलांनी गावाच्या आसपास फिरून वेगवेगळी रोपं मुळासकट उपटून आणायची. वर्गात बसून प्रत्येक रोपाचं पान भिंगातून पाहायचं. शिरा जाळीसारख्या आहेत की समांतर? मग मूळ पाहायचं. मधे एक जाड मूळ आणि त्याला फाटे, म्हणजे सोटमूळ आहे, की सारख्या जाडीच्या तंतूंचा झुपका? तक्ता भरायचा. गहू, ज्वारी, गवत, हरभरा, तुळस. पंधरा-वीस रोपं झाली की मुलांना आपोआप दिसायला लागतं की ज्यांच्या पानांत जाळी आहे त्यांना सोटमूळ आहे, आणि ज्यांच्या शिरा समांतर आहेत त्यांची मुळं तंतुमय आहेत. हे कुणी सांगितलेलं नाही. तक्त्यातून वर आलं आहे. त्यानंतर नवं पान दाखवून विचारता येतं, याचं मूळ कसं असेल? सांगा, आणि मग उपटून बघा. एखादं मूल कुंपणापलीकडून या नियमात न बसणारं रोप घेऊन येतंच. मग खरा तास सुरू होतो.

आता यामागची व्यवस्था बघा. हा धडा मार्चमध्ये घेता येत नाही. जमीन कडक होते, रोपं वाळतात. तो पावसाळ्यात घ्यायला हवा. म्हणजे पुस्तक वेळेवर शाळेत पोचलं पाहिजे. भिंगं शाळेत असली पाहिजेत. मुलांना तासाला वर्गाबाहेर न्यायला मुख्याध्यापकांची हरकत नको. आणि मुलं शेताच्या बांधावर फिरताना दिसली तर गावाने 'शाळेत शिकवतात की नाही' अशी तक्रार करायला नको. एका साध्या धड्यासाठी या चार गोष्टी जुळून याव्या लागतात. त्या जुळवणं हेच संस्थेचं काम. पुस्तकाच्या पानावर ते कुठेच दिसत नाही.

किट प्रत्येक शाळेला मिळायचं. मुलं चारांच्या टोळीत काम करायची, त्यामुळे सामान टोळ्यांच्या हिशोबाने. परीक्षानळ्या, भिंगं, चुंबकं, ड्रॉपर, तराजू. काच फुटते, रसायनं संपतात, म्हणून दरवर्षी भर घालावी लागायची. शिवाय जे गावात मिळतं ते बाहेरून आणायचं नाही, असा आग्रह होता. फूल उलगडून पाहायला सुई हवी, तर बाभळीचा काटा चालतो. तो हरवला तरी कुणाला जबाब द्यावा लागत नाही. ही गोष्ट लहान वाटेल. पण सरकारी शाळांतलं सामान कपाटात कुलूपबंद का राहतं? फुटलं तर भरपाई कोण देणार, या भीतीने. बाभळीच्या काट्याला ती भीती नाही. होशंगाबादमध्ये तर सामान वापरताना फुटणारच, हे शासनाकडून मान्य करून घ्यावं लागलं. तो कागदोपत्री बदल मला पुस्तकाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

दर महिन्याला : गोष्ठी आणि शाळाभेट

आता वर्षाचा मधला भाग, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आसपासच्या शाळांमधले विज्ञान शिक्षक महिन्यातून एकदा एका ठिकाणी जमायचे. याला 'मासिक गोष्ठी' म्हणत. गेल्या महिन्यात कोणते धडे झाले, कुठे अडलं, मुलांनी कोणता प्रश्न विचारला ज्याचं उत्तर देता आलं नाही, पुढच्या धड्याची तयारी काय करायची. पुढचा प्रयोग तिथेच करून बघायचा.

दुसरं म्हणजे शाळाभेट, त्यांच्या भाषेत 'अनुवर्तन'. स्रोत शिक्षक किंवा संस्थेचे लोक शाळेत जाऊन तास बघायचे. तपासणीसाठी नव्हे. शेरा मारायचा नाही, शिक्षकाबरोबर वर्गात उभं राहून मदत करायची. आता विचार करा, ज्या व्यवस्थेत शाळेत येणारा प्रत्येक बाहेरचा माणूस साहेब असतो, तिथे 'मी साहेब नाही' हे पटवून द्यायला किती भेटी लागत असतील?

आणि या सगळ्याला सरकारी मान्यता होती, हा मुद्दा विसरू नका. गोष्ठीला जाणं हे शिक्षकाच्या कामात धरलं जायचं, त्याचा प्रवासभत्ता सरकारकडून मिळायचा. भत्ता तुटपुंजा होता आणि बऱ्याचदा उशिरा यायचा, ते वेगळं. पण आदेश होता. संस्था जिल्हाभराच्या गोष्ठी स्वतःच्या पैशाने फार दिवस चालवू शकत नाही, आणि चालवूही नयेत. तसं केलं तर तो 'त्यांचा' कार्यक्रम होतो. शाळेचा होत नाही.

मुलांसाठी आणखी एक व्यवस्था होती, सवालीराम. हे एक काल्पनिक पात्र. पुस्तकातच मुलांना सांगितलेलं असायचं की मनात येईल तो प्रश्न सवालीरामला पत्राने विचारा. मुलं पोस्टकार्डं पाठवायची आणि संस्थेतले लोक, शास्त्रज्ञ, शिक्षक मिळून उत्तरं लिहायचे. प्रश्न फक्त धड्यातले नसत. शेत, शरीर, आकाश, भुतंखेतं, सगळं यायचं. आपल्या नावाने पोस्टाने पत्र येणं ही खेड्यातल्या बारा वर्षांच्या मुलासाठी किती मोठी गोष्ट होती, हे मोबाइलच्या आधीचे दिवस आठवणाऱ्यांना कळेल. संस्थेचाही त्यात फायदा होता. मुलं खरोखर कशाचा विचार करतात, हे त्या पत्रांतून कळायचं.

फेब्रुवारी ते एप्रिल : परीक्षा

मग परीक्षा. माझ्या मते हा सगळ्यांत धाडसी भाग होता.

लेखी परीक्षेत मुलांना पुस्तक आणि वही उघडून बघायची मुभा होती. ऐकायला विचित्र वाटतं, पण तर्क सरळ आहे. माहिती पुस्तकात आहेच. तपासायचं आहे ते मुलाला त्या माहितीचं काय करता येतं. समजा प्रश्न असा आहे : एका रोपाच्या पानाचं चित्र दिलं आहे, त्याचं मूळ कसं असेल आणि कशावरून म्हणता? पुस्तक उघडं असून याचं उत्तर त्यात सापडत नाही. हे उदाहरण मी माझ्या मनाने दिलं, पण प्रश्नांचा प्रकार असा असायचा. जोडीला प्रात्यक्षिक परीक्षा. मुलाने प्रत्यक्ष मोजायचं, बघायचं, करायचं.

अशी प्रश्नपत्रिका काढणं अतिशय कठीण असतं. व्याख्या द्या, नावे सांगा, असा पेपर तासाभरात निघतो. विचार करायला लावणारा, तरीही सहावी-आठवीच्या मुलाला झेपेल असा पेपर काढायला शिक्षकांच्या कार्यशाळा घ्याव्या लागायच्या. तपासण्याआधी पुन्हा बैठक. काही उत्तरपत्रिका सगळ्यांनी मिळून वाचायच्या, मुलं काय काय उत्तरं लिहितात ते बघायचं आणि मग गुण कशाला द्यायचे ते ठरवायचं. कारण मोकळ्या प्रश्नाची बरोबर उत्तरं एकाहून अधिक असू शकतात.

परीक्षा का बदलावी लागली? कारण वर्गात काहीही करा, मूल आणि पालक परीक्षेकडे बघून अभ्यास ठरवतात. मार्चमध्ये व्याख्या विचारणार असतील तर ऑगस्टमध्ये रोपं कोण उपटणार?

वर्ष संपल्यावर

एप्रिलच्या शेवटी संस्थेच्या हाती काय असायचं? वर्षभराच्या गोष्ठींची टिपणं, शाळाभेटींचे अहवाल, सवालीरामची पत्रं, उत्तरपत्रिका. या सगळ्यातून दिसायचं की कोणता प्रयोग चालला नाही, कोणत्या वाक्याचा मुलं भलताच अर्थ लावतात, कुठला धडा लांबतो. हे मेच्या प्रशिक्षणात यायचं, आणि पुढे पुस्तकात. 'बाल वैज्ञानिक'ची पुस्तकं याच अनुभवावरून पुन्हा नव्याने लिहिली गेली. म्हणून मी वर्ष म्हणतो. ही सरळ रेषा नाही, रहाट आहे. एक पोहरा फुटला की शेतात पाणी कमी पोचतं.

पोहरे फुटले तेव्हा

आणि पोहरे फुटत होते. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

सर्वांत मोठी अडचण बदल्यांची. तीन उन्हाळे प्रशिक्षण घेतलेला शिक्षक कार्यक्रम नसलेल्या शाळेत जायचा आणि त्याच्या जागी प्रशिक्षण न झालेला शिक्षक यायचा. किटची भर वेळेवर यायची नाही. सोळा शाळा होत्या तेव्हा संस्थेचा माणूस सायकलवर जाऊन सामान देऊ शकायचा. पुढे कार्यक्रम पंधरा जिल्ह्यांत, सुमारे हजार शाळांत आणि लाखभर मुलांपर्यंत गेला. तेव्हा सगळं सरकारी यंत्रणेच्या वेगावर अवलंबून राहिलं. ज्या शाळेत प्रयोग होत नव्हते, तिथे हे पुस्तक नेहमीच्या पुस्तकापेक्षाही वाईट ठरायचं, कारण त्यात वाचून समजण्यासारखी माहितीच नव्हती. प्रश्न होते आणि रिकामे तक्ते होते. पालकांची तक्रार अशा शाळांमधून आली असेल तर ती खोटी म्हणता येणार नाही. शिवाय नववीत गेल्यावर मुलांना पुन्हा जुन्याच पद्धतीचं विज्ञान भेटायचं. तिथे व्याख्या हव्या असायच्या.

हे आक्षेप वाढत गेले. जिल्ह्यातल्या काही राजकीय नेत्यांनी कार्यक्रम बंद करण्याची मागणी केली. आमच्याच मुलांवर प्रयोग का, सगळ्या राज्यात एक पुस्तक असताना इथे वेगळं का, दहावीचे निकाल कमी का, असे प्रश्न होते. २००२ मध्ये दिग्विजय सिंह यांच्या सरकारने कार्यक्रम बंद केला. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी पत्रं लिहिली, पण निर्णय फिरला नाही. एकलव्यचा सामाजिक शास्त्रांचा आणि प्राथमिक शाळांचा कार्यक्रमही त्याच सुमारास सरकारी शाळांतून गेला.

यातून दोन धडे निघतात, आणि ते एकमेकांना थोडे छेद देणारे आहेत. पहिला, सरकारी शाळेच्या आत शिरल्याशिवाय लाखभर मुलांपर्यंत पोचता येत नाही. दुसरा, आत शिरलं की एका आदेशाने बाहेर पडावं लागतं. संस्थेला यातून सुटका नाही. ती एवढंच करू शकते की आदेश निघायच्या आधी गावाला आणि पालकांना हे काम आपलं वाटेल असं बघायचं. होशंगाबादमध्ये शिक्षकांना ते आपलं वाटत होतं. पालकांपर्यंत ते पुरेसं पोचलं होतं का, याबद्दल मला शंका आहे. ज्यांची मुलं शाळेत होती ते मोठ्या संख्येने रस्त्यावर आले असते, तर निर्णय इतका सोपा गेला नसता.

मागे काय राहिलं

अरविंद गुप्तांचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात हजारो मुलांनी त्यांच्याकडून खेळणी करायला शिकून घेतली. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन ते होशंगाबादच्या कामात गेले होते. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून आकार बनवायचे, हे तिथेच सुरू झालं. त्रिकोण का हलत नाही आणि चौकोन का हलतो, हे त्या काड्यांनी मुलांना हाताने समजतं.

पुण्यातून निघणारं 'शैक्षणिक संदर्भ' हे नियतकालिकही एकलव्यच्या हिंदी 'संदर्भ'च्या प्रेरणेने निघालं. आणि २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष प्रा. यशपाल होते, म्हणजे १९७२ च्या सुरुवातीला होते तेच. शाळेतलं ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडा, घोकंपट्टी सोडा, हे त्या आराखड्यातलं म्हणणं होशंगाबादमध्ये तीस वर्षं करून पाहिलेलं होतं.

आज महाराष्ट्रात शाळांबरोबर काम करणाऱ्या संस्था भरपूर आहेत. त्यांच्या वार्षिक अहवालांत किती शाळा, किती शिक्षक, किती पुस्तकं हे आकडे असतात. तुम्ही देणगीदार असाल, पालक असाल, शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर त्या आकड्यांच्या पुढे जाऊन चार प्रश्न विचारा. प्रशिक्षणानंतर शिक्षकाला महिन्याभरात कोण भेटतं? सामान फुटलं, संपलं तर भर कोण घालतं? परीक्षेत काय विचारतात? आणि या वर्षी वर्गात जे चाललं नाही, ते पुढच्या वर्षीच्या पुस्तकात कसं पोचतं? या चारांची उत्तरं असतील तर ती संस्था अभ्यासक्रमाचं काम करते आहे. नसतील, तर ती पुस्तकं वाटते आहे. तेही चांगलंच आहे, पण ते वेगळं काम आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या हातात ना पुस्तक आहे ना परीक्षा. मग यातलं काय करता येईल?

उत्तर : मासिक गोष्ठी. तिला आदेश लागत नाही. आपल्याकडे केंद्रशाळेची शिक्षण परिषद असतेच. तिचा बराच वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो, हे तुम्ही मला सांगायला नको. त्यातला एक तास मागून घ्या. पाच जणींनी मिळून पुढच्या महिन्याचा एकच प्रयोग तिथे करून बघायचा, आणि मागच्या महिन्यात काय फसलं ते सांगायचं. फसलं ते आधी. वर्षभर हे चाललं तर तुमच्याकडे दहा धड्यांची टिपणं असतील.

प्रश्न : तीस वर्षं करून शेवटी बंदच पडलं. मग ते अपयशच ना?

उत्तर : कार्यक्रम म्हणून बंद पडला, हे खरं आहे. पण ज्या मुलीने सहावीत पन्नास रोपं उपटून स्वतः नियम काढला, तिचं ते शिकणं कुठल्या आदेशाने परत घेता येत नाही. माझी खंत वेगळी आहे. तिच्या धाकट्या बहिणीला ते मिळालं नाही. ज्या दिवशी धाकटीसाठी तिची आईच शाळेत येऊन विचारेल की यंदा प्रयोग का नाहीत, त्या दिवशी असा कार्यक्रम बंद करणं अवघड होईल. पुढच्या संस्थांनी शिक्षकांइतकीच त्या आईशी ओळख वाढवावी, असं मला वाटतं.